काचेवर पाणी

उसाच्या मोळ्यांवर पाय खाली सोडून बसलेली एक पोरगी मी जानेवारीतल्या एका सकाळी पाहिली. सात-आठ वर्षांची असेल. एका पायात लाल पट्ट्याची स्लीपर, दुसरा पाय अनवाणी. तो अनवाणी पाय माझ्या जीपच्या बॉनेटपासून फार तर चार हातांवर होता. आणि तो तिथे आहे हे मला कळलं गाडी थांबल्यावर, बाजूनं डोकं बाहेर काढल्यावर. त्याआधी तीन-चार सेकंद मी गाडी चालवत होते आणि मला समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आत्याकडे साळवणला मुक्काम होता. ऑफिस गाठायचं म्हणून चहा घेऊन सव्वासातला निघाले. गगनबावड्याच्या बाजूनं सकाळी कोल्हापूरला येणं म्हणजे सूर्य डोळ्यांवर घेत येणं. कुंभीच्या काठचं धुकं विरायला लागलेलं असतं, आणि सूर्य अजून वर चढलेला नसतो, रस्त्याच्या टोकाला बसलेला असतो. त्यात हंगाम जोरात. शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरांनी चाकांबरोबर माती रस्त्यावर आणून टाकली होती, कुणाच्या तरी पाटाचं पाणी फुटून तिच्यावर आलं होतं, आणि समोरून आलेल्या ट्रकनं तो सगळा रेंदा माझ्या काचेवर उडवला. सवयीनं हात वायपरच्या बटणावर गेला. पहिल्या फेरीत ठिपक्यांच्या रेघा झाल्या. दुसऱ्या फेरीत रेघांचा पडदा झाला आणि त्या पडद्यावर ऊन पडलं. काच पांढरी झाली. चुन्याची निवळी फासावी तशी पांढरी. मी ब्रेकवर पाय दाबला. जुन्या जीपचे ड्रम ब्रेक एका दमात धरत नाहीत. गाडी थोडी डावीकडे ओढली गेली आणि थांबली. इंजिन बंद पडलं. मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, अगदी जवळून.

बैलगाडीच्या कडेनं चालत असलेली बाई मागे आली. तिनं आधी पोरीकडे पाहिलं, मग माझ्या काचेकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता शिव्या पडणार, आणि पडायलाच हव्या होत्या. ‘काही दिसंना का?’ एवढंच तिनं विचारलं. बोलण्यावरून बीडकडची असावी. गाडीच्या साट्याखाली अडकवलेला पिवळा कॅन तिनं सोडवून आणला, दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलला आणि काचेवर धार धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात न थांबवता, अंगणात सडा टाकावा तशी. तांबडं पाणी बॉनेटवरून ओघळत माझ्या पायांशी आलं. ‘आता फिरवा ते,’ ती म्हणाली. मी वायपर फिरवले. काचेपलीकडे तिचा चेहरा, तिच्या मागे ऊस, उसावर ती पोरगी, असं सगळं एकेक करून परत जागेवर आलं. ‘पाणी ठेवत जा बाई गाडीत,’ असं म्हणून ती बैलांमागे गेली सुद्धा.

ते त्यांचं पिण्याचं पाणी होतं. पैसे द्यावेत असं मला सुचेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती. दिले असते तर तिनं घेतले असते का, आणि घेतले असते तर मला बरं वाटलं असतं का, हे अजून माझं ठरत नाही. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. तीन सेकंद म्हणजे 33 मीटर. तो कागद मी फाडून टाकला, पण आकडा डोक्यातून गेला नाही.

त्या जीपसाठी मी काय काय केलं नव्हतं!

जीप अण्णांची. अण्णा गुरांचे डॉक्टर. 1991 सालची गाडी त्यांनी 1998 मध्ये जुनी म्हणून घेतली. प्यूजोचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन, कापडी हूड, बिजागरीवर पुढे बॉनेटवर आडवी होणारी काच, आणि विलीज या मूळ अमेरिकी जीपच्या जुन्या घडणीसारखे वरून लटकणारे वायपर. बॉडी मूळची किती आणि नंतर ठोकून बसवलेली किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी माझ्याकडे आहे आणि मी ती जिवापाड जपली. इंजिन उतरवून केलं, हूड नवा शिवला, सीट भरून घेतल्या, टायर घातले, आणि अण्णांना आवडायचा तो शेवाळी रंग दोन वेळा मारून घेतला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, त्यातही ती पास झाली. मोटार वाहन नियमांत 101 क्रमांकाचा नियम वायपरचा आहे, आणि माझे वायपर फिरत होते. फिरतात म्हणून मी निर्धास्त होते. कोरड्या मातीवर फिरणारा वायपर काच पुसत नाही, सारवतो, हे शेणानं अंगण सारवलेल्या घरात वाढूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अंगणात गाडी उभी करून मी काचेच्या एका कडेला टॉर्च आडवी धरली. समोरून पाहिलं तर स्वच्छ वाटणारी काच, उजेड तिरका पडताच सगळं सांगायला लागली. वायपरच्या दोन पंख्यांसारख्या कमानी, एकात एक गुंतलेल्या शेकडो बारीक रेघांच्या, आणि मध्ये मध्ये खडे लागून पडलेले टाचणीच्या डोक्याएवढे खळगे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण. सुका वायपर म्हणजे त्या कणांना रबराच्या पट्टीखाली धरून काचेवर घासणंच. पस्तीसेक वर्षं हे चालू होतं. भर दुपारी या रेघा कुणाला दिसत नाहीत. ऊन समोरून आडवं आलं की प्रत्येक रेघ आणि प्रत्येक खळगा थोडा थोडा उजेड पकडतो आणि डोळ्यांवर फेकतो. वर मातीचा थर असला की मग काहीच उरत नाही. मी बोट फिरवून पाहिलं. नख अडकत नव्हतं, पण चरचर जाणवत होती.

आणि त्या चरचरीवर बोट असतानाच मला आठवलं, की या काचेवर पाणी मारणं हे एके काळी माझं काम होतं.

डावी सीट माझी. शाळेला सुट्टी असली, किंवा रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली आणि आई आजारी असली, की अण्णा मला बरोबर घ्यायचे. पायांशी एक प्लास्टिकची बाटली, बुचाला तापवलेल्या सुईनं पाडलेली तीन भोकं. करूळ घाटात किंवा भुईबावड्याच्या उतारावर पुढच्या ट्रकची धूळ काचेवर बसायला लागली की अण्णा डोळे रस्त्यावरून न हलवता म्हणायचे, ‘पाणी!’ मी हूडच्या फटीतून हात बाहेर काढून, कोपर दुमडून, बाटली दाबायची. धार पहिल्यांदा माझ्याच मनगटावर यायची, मग काचेवर. अण्णा वायपर फिरवायचे. काच निवळली की म्हणायचे, ‘पुरे.’ आमच्यात त्या दोन शब्दांमध्ये कधी तिसरा शब्द आला नाही. वाडीवर पोचल्यावर दुसरं काम. व्यालेली गाय दुग्धज्वरानं, म्हणजे अंगातलं कॅल्शियम एकदम उतरून, बसलेली असायची, मान कुशीवर टाकून, कान बर्फासारखे गार. अण्णा शिरेत सुई घालायचे आणि कॅल्शियमची 450 मिलीची बाटली मी दोन्ही हातांनी उंच धरायची. ते कॅल्शियम भरभर गेलं तर गाईचं हृदय थांबतं, म्हणून अण्णा कानाला नळी लावून बसलेले असायचे आणि मी बुडबुडे मोजत असायची. कंदिलाचा उजेड, शेणाचा आणि डेटॉलचा वास, आणि खांदे भरून आलेले. अर्ध्या-पाऊण तासानं गाय ढेकर द्यायची, शेण टाकायची, उठून उभी राहायची. परतताना माझ्या हातात परत ती दुसरी बाटली.

पावसाळ्यात बाटली लागत नसे, तेव्हा तंबाखू. घाटात धुवांधार लागला की अण्णा गाडी कडेला घेऊन चिमूटभर ओली तंबाखू काचेवर चोळायचे. मग थेंब थेंबासारखे उभे राहत नाहीत, पाण्याचा सलग पातळ पापुद्रा होऊन खाली सरतात आणि त्यातून बऱ्यापैकी दिसतं. हा उपाय आमच्याकडचे सगळे जुने ड्रायव्हर करायचे. कुणी बटाट्याची फोडही घासायचे. तेवढ्यानंही भागलं नाही की अण्णा डोकं बाहेर काढून चालवत. भिजलेली टोपी, चष्मा खिशात, डोळे बारीक केलेले. मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात एका ट्रामचालकाला असंच, समोरची काच उघडी टाकून थंडीत कुडकुडत ट्राम हाकताना पाहिलं आणि तिथून त्यांना वायपरची कल्पना सुचली. 1903 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. हे वाचलं तेव्हा मला ती ट्राम दिसली नाही, अण्णांची भिजलेली टोपी दिसली.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. अण्णा पुढे वीसेक वर्षं त्याच गाडीतून, त्याच घाटांतून हिंडले. माझ्यामागे काचेवर पाणी कोण मारत होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री अण्णांच्या वेळेपासूनचे. त्यांच्या शेडमध्ये शेजारच्या लेथचा चिर्रर्र आवाज आणि जळक्या ऑइलचा वास कायमचा. मी म्हटलं, काच धुवायचं पाणी बसवायचंय. ते म्हणाले, ‘ताई, ह्या गाडीला कोण बसवतंय ते? पावसाळ्यात आपोआप धुतीय, उन्हाळ्यात फडकं हाय की.’ मी त्यांना त्या पोरीच्या पायाचं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आतल्या पोराला हाक मारून म्हणाले, ‘ड्रिल आण.’

माझ्या मनात एक अढी होती, ती सांगायला हवी. अण्णांच्या गाडीला नवं भोक पाडायचं नाही, असं मी त्यांच्या मागे ठरवून टाकलं होतं. रेडिओसुद्धा बसवला नव्हता. गाडी होती तशी ठेवणं म्हणजे अण्णांना होते तसे ठेवणं, असं काहीतरी ते होतं. त्यामुळे ड्रिलचं टोक बॉनेटमागच्या पत्र्यावर टेकलं तेव्हा मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. पत्रा चिरल्याचा आवाज बाहेरही आलाच. परत आत गेले तर बोटभर अंतरावर शेवाळी रंगाखाली चंदेरी कड असलेली दोन भोकं, आणि खाली पत्र्याचा बारीक कीस.

सामान अगदी साधं असतं. दीड-दोन लिटरची टाकी, अंगठ्याएवढा पंप, चार मिलिमीटर भोकाची नळी, नळीला दोन फाटे फोडणारा एक टी, पाणी उडवणारी दोन नोझल, बटण, फ्यूज आणि वायर. टाकी डाव्या मडगार्डच्या आत बसवली, बॅटरीपासून आणि सायलेन्सरच्या तापापासून लांब. पंप टाकीच्या बुडाशी. तो वर बसवून चालत नाही, कारण हा पंप पाणी ओढून घेत नाही, आलेलं पाणी ढकलतो. पातळीच्या खाली असला तरच त्याच्या पोटात पाणी असतं. आणि कोरडा फिरला तर त्याचं सील जातं. टाकीत पंपाचं तोंड जिथे शिरतं तिथे गळती अडवणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट. मिस्त्रींनी भोकाची कड आधी पॉलिशपेपरनं गुळगुळीत केली, ग्रोमेटला साबणाचं पाणी लावलं आणि पंप अंगठ्यानं आत दाबला. ‘हितं घाई केली की जन्मभर थेंब थेंब गळतंय,’ म्हणाले. मला त्यांचा तो अंगठा आवडला. नखात काळं ऑइल, पण दाब असा की बाळाच्या तोंडात बोंडलं द्यावं.

बटण दाबलं तर पंप गुणगुणला आणि नोझलमधून मुंगीसारखी धार आली. पोरगं म्हणालं, पंप खराब आहे. मिस्त्रींनी फक्त दोन वायरींची अदलाबदल केली. या पंपाची चक्री उलटी फिरली तरी पाणी येतं, पण कसंबसं. सुलटी फिरली की जोर येतो. मग अर्थिंग. जुन्या गाडीत बिघाड बहुधा तिथेच असतो. रंगावर आवळलेली वायर दिसायला घट्ट असते पण वीज जात नाही. माझ्या त्या देखण्या शेवाळी रंगाचा रुपयाएवढा तुकडा त्यांनी खरवडून काढला, खालचा पत्रा चकचकीत केला, तिथे वायर बसवली. धार उसळून काचेच्या मध्यावर आदळली. मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या.

आणि शिरोलीच्या रस्त्यावर गाडी पन्नासवर गेली तेव्हा तीच धार वाऱ्यानं दाबून खाली बसवली. काचेच्या तळाची चार बोटं ओली, वर कोरडं ठाक. जीपची काच जवळजवळ उभी, तिच्यापुढे वाऱ्याची उशी तयार होते, आणि बॉनेटवरून तिरकी वर जाणारी धार ती उशी भेदत नाही. वायपर तर वरून लटकलेले. त्यांनी तळाचं पाणी वर न्यायचं कसं? आम्ही टाचणी घालून नोझलचे डोळे वर वळवले, मग आणखी वर. उभ्या गाडीत पाणी हूडवरून उडून मागच्या सीटवर पडलं आणि चालत्या गाडीत तरीही अर्ध्या काचेच्या वर गेलं नाही. भोकं पाडून झाली होती आणि उपयोग नव्हता. घरी येताना मला फार वाईट वाटलं. पाण्याचं नाही, त्या दोन भोकांचं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचाच फोन. ‘ताई, वरनं सोडू या पाणी. वायपर वर, तर पाणी पण वरच पायजे.’ म्हणजे काचेच्या फ्रेमच्या वरच्या पट्टीला आणखी दोन भोकं. मी बरं म्हटलं, पण मन तयार नव्हतं. ते पट्टीवर बोटानं माप घेत होते आणि एकदम थांबले. नखानं ठोकून पाहिलं. पत्र्याचा आवाज आणि लांबीचा, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीचा, आवाज वेगळा असतो. ‘हितं भरलंय,’ म्हणाले. दुसऱ्या वायपरजवळ ठोकलं. तिथेही भरलेलं. मला आठवलं, पहिल्यांदा रंग मारला तेव्हा पेंटरनं विचारलं होतं, वर दोन भोकं आहेत, गंजाची असतील, भरून टाकू का? आणि मी हो म्हटलं होतं. मिस्त्रींनी पोपटी दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं लांबी हळूहळू उकरली. पांढरी भुकटी त्यांच्या मनगटावर पडत गेली. आत गोल, नीट, काठाला रबराचा कुजका तुकडा चिकटलेलं भोक. ‘गंजाचं भोक असं गोल नसतंय. ड्रिलनं पाडलंय कुणीतरी. हे बगा.’ चिमट्यानं त्यांनी आतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पेराएवढी नळी. पिवळी पडलेली, कडक झालेली, पण ओळखू येणारी. सलाईनची नळी.

मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि आईसमोर ठेवली. आई शेंगा सोलत होती. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, तू पुण्याला गेल्यावर त्यांनी काचेला सलाईन लावलेलं की!’ फ्रेमच्या मधोमध आतल्या बाजूला जो आकडा आहे, ज्याला मी दरवर्षी दसऱ्याला झेंडूची माळ अडकवते, त्याला कॅल्शियमची रिकामी, पाण्यानं भरलेली बाटली उलटी टांगलेली. तिला सलाईनची नळी, तिच्या दोन फाट्या, त्या दोन भोकांतून बाहेर. सलाईनच्या नळीवर असतं त्या छोट्या चाकानं नळी आवळलेली, म्हणजे एरवी गळणार नाही. धूळ आली की चाक सोडायचं आणि बाटली मुठीत धरून दाबायची. ‘तुझ्या जागेवर बाटली बसवली, म्हणायचे,’ आई म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतकी वर्षं मी जी गाडी ‘होती तशी’ जपत होते, तिच्यातली अण्णांच्या हातची सगळ्यात अण्णांसारखी गोष्ट मीच लांबी भरून, वर रंग मारून बुजवून टाकली होती.

नवी भोकं पाडावी लागली नाहीत. अण्णांचीच भोकं अर्धा मिलिमीटर वाढवली आणि नोझल त्यात बसली. वरच्या कडेला वारा उसळून हूडवर जातो, म्हणून त्यांची तोंडं काचेला जवळजवळ टेकवून खाली वळवली. पाणी हवेत न उडता काचेला धरूनच उतरतं. नळी पारदर्शक प्लास्टिकची घेतली नाही, ती इंजिनच्या तापानं कडक होते आणि सांध्यात तडकते. काळ्या रबराची घेतली. काच आडवी होते म्हणून बिजागरीपाशी नळीला सैल वेटोळं ठेवलं. एक अडचण राहिली. टाकी खाली आणि नोझल वर, त्यामुळे बटण सोडलं की नळीतलं पाणी माघारी टाकीत उतरायचं, आणि पुढच्या वेळी बटण दाबल्यावर पाणी वर यायला वेळ लागायचा. चार मिलिमीटरच्या अडीच मीटर नळीत 31 मिली पाणी मावतं. तेवढं परत चढेपर्यंत मनात एक-दोन म्हणून होतं, आणि एक-दोन म्हणण्याची किंमत मला माहीत झाली होती. टीच्या खालच्या अंगाला बाणाची दिशा बघून पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला. आता नळी कायम भरलेली असते. बटणावर बोट टेकलं की पाणी काचेवर.

बॉनेटमागची ती दोन भोकं मिस्त्रींनी रबरी बुचं लावून बंद केली. लांबी भरू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

टाकीत काय घालायचं यावर मी महिनाभर डोकं लावलं. आमच्या बोअरचं पाणी जड. आठवडाभरात नोझलच्या डोळ्याभोवती पांढरी कड आली आणि एक धार वाकडी झाली. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ती मोकळी केली. कपड्याची पावडर टाकून पाहिली तर वायपरखाली फेस आणि वाळल्यावर पट्टे. तीच चूक होती, मातीऐवजी साबणाचा पडदा. आता पावसाचं पाणी. पागोळ्यांचं आई गाळून भरून ठेवते, दोन कॅन, आणि त्यात अगदी थेंबभर शाम्पू. वायपरची रबरं दर पावसाळ्याच्या तोंडावर बदलायची ठरवलीत, उन्हानं ती भेगाळतात. काचही बदलावी लागणार आहे. त्या रेघा धुऊन जाणाऱ्या नाहीत. मी ते पुढे ढकलते आहे, आणि का ढकलते आहे ते मला कळतं. मागच्या सीटखाली वीस लिटरचा एक पिवळा कॅनही असतो, पिण्याच्या पाण्याचा. हंगाम संपेपर्यंत त्या रस्त्यानं मी सहा-सात वेळा गेले. बैलगाड्या दिसल्या की वेग कमी करून बघत गेले. दोनदा पाणी दिलंही, दुसऱ्याच कुणाला. ती बाई आणि ती पोरगी परत दिसल्या नाहीत.

मार्चच्या शेवटी आईला घेऊन साळवणला निघाले. तोड संपलेली, फडांत पाचट पेटवलेलं. कळे गावाच्या पुढे दोन्ही बाजूंना धूर होता आणि काजळीचे लांब काळे तुकडे हवेत तरंगत, उतरत होते. चार-पाच काचेवर बसले. वाऱ्यानं फुटून त्यांची काळी भुकटी पसरली. पश्चिमेचं ऊन समोरून येत होतं. मी वेग उतरवला, बटणाकडे बोट नेलं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला आईचा हात दिसला. डाव्या सीटवरून तिचा उजवा हात वर गेला होता, फ्रेमच्या मधोमध, आकड्यापाशी. तिथे काही नव्हतं. मूठ मात्र वळली, एकदा घट्ट झाली, सुटली.

मी बटण दाबलं. वरून पाणी उतरलं, काळं होत होत काचेच्या तळाशी गेलं. वायपर दोन वेळा फिरले. धुरापलीकडे रस्ता दिसायला लागला, आणि त्याच्या कडेला सायकल हातात धरून चालणारा एक म्हातारा.

‘पुरे,’ आई म्हणाली.